हायवेवर दिसणारे ‘दे रोय’चे ट्रेलर आणि डाकार रॅली: या बापलेकांबद्दल कुणाला माहितीये का?

ब्राबांटवासी

नमस्कार मंडळी, मी मूळचा साताऱ्याचा, गेली सहा वर्षं नोकरीसाठी नेदरलँड्सला, आइंडहोव्हनला चिकटून वेल्डहोव्हन म्हणून गाव आहे तिथे राहतो. इथे ट्रकचे आणि रॅलीचे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतोय.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, ट्रकवेडा. ए ५० ने जाताना ‘दे रोय’ लिहिलेले ट्रेलर दिसतात आणि हा मोजत बसतो, आज चार दिसले, आज सहा दिसले. मला वाटायचं असेल एखादी मोठी ट्रान्सपोर्ट कंपनी, आपल्याकडेही एकाच नावाचे ट्रक दिसत राहतात की हायवेला. परवा शेजारचे आजोबा कुंपणाची झाडं कापत होते, ते डाफ या ट्रक कंपनीच्या कारखान्यातून रिटायर झालेत, त्यांना याने मोठ्या अभिमानाने सांगितलं की मी आत्तापर्यंत एवढे दे रोय मोजलेत. आजोबांनी कात्री खाली ठेवली, आत गेले आणि फोन घेऊन आले. फोनवर १९८८ चा व्हिडिओ. वरून हेलिकॉप्टरने घेतलेला, सगळीकडे सपाट वाळवंट, एक प्यूजो रेसकार धूळ उडवत पळतेय आणि तिच्या बाजूने एक ट्रक येतो, आपला नेहमीचा चौकोनी तोंडाचा ट्रक, आणि तो कारला मागे टाकून जातो. मुलाने तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला, मी मोजलं.

आजोबा म्हणाले तो ट्रक चालवणारा यान दे रोय, इथल्याच सोन गावचा, ट्रान्सपोर्टवाला, २०२४ च्या ३१ जानेवारीला गेला, ८० वर्षांचा होता. आणि त्याचा मुलगा खेरार्ट (लिहितात जेरार्ड पण इथे ग चा ख होतो) त्यानेही डाकार ही वाळवंटातली रॅली जिंकलीय, तीही दोनदा. मी विचारलं, मग डाफ आता का नाही दिसत रॅलीत? तर एवढंच म्हणाले, “केस गेला ना,” आणि कात्री उचलून परत झाडांकडे वळले. पुढे विचारायचा धीर झाला नाही.

तर प्रश्न असे. शेकडो ट्रकचा धंदा सांभाळणारा माणूस जगातली सगळ्यात अवघड रॅली जिंकतो म्हणजे नेमकं काय करतो, का पैसा ओतला की जमतं? त्या ट्रकमध्ये असं काय होतं? आणि १९८८ ला काय झालं? मुलगा रोज विचारतोय आणि मला त्याला अर्धवट काही सांगायचं नाहीये.

पुणे_रॅली_८९

अहो काय विषय काढलात, माझ्या खोलीत शाळेत असताना त्या डाफचा फोटो होता, मासिकातून कापलेला. जमेल तेवढं सांगतो, लांबेल.

यान यांच्या घरचाच ट्रान्सपोर्टचा धंदा. डाफ तेव्हा नुसते ट्रक नाही तर छोट्या कारही बनवायची, आणि त्या गाड्या वाहून न्यायचं काम दे रोय मंडळी करायची. म्हणजे कारखाना आणि हे घर यांचं नातं रेसच्या आधीपासूनचं. यान आधी डाफ ५५ घेऊन रॅलीक्रॉसमध्ये उतरले, ही तीच छोटी कार जिला गिअर नसायचे, पट्ट्यावर चालणारं व्हॅरिओमॅटिक असायचं. तुमच्यापासून जवळ व्हाल्कन्सवार्डला युरोसर्किट आहे ना, ती रॅलीक्रॉसचीच धावपट्टी, अर्धी डांबर अर्धी माती. मग ८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ट्रक घेऊन पॅरिस-डाकारला गेले. आणि तिथून पुढे दरवर्षी नवीन ट्रक, दरवर्षी आधीच्यापेक्षा धाडसी. १९८४ ला तर दोन तोंडांचा ट्रक नेला, पुढे एक केबिन मागे एक केबिन, आत दोन इंजिनं. १९८५ चा ‘द बुल’ म्हणजे बैल, १९८६ पासून टर्बो ट्विन. १९८७ ला ट्रक गटात पहिला नंबर, सोबत बेल्जियमचे इव्हो ग्युसेन्स आणि टेओ व्हान द राइट. हे टेओचं नाव लक्षात ठेवा, पुढे येणारे.

ट्विन म्हणजे काय तर ११.६ लिटरची दोन इंजिनं, एक पुढचा एक्सल ओढणार आणि दुसरं मागचा ढकलणार. प्रत्येकाला तीन टर्बो. दोन्ही मिळून १२०० हॉर्सपॉवरच्या घरात. दहा टनांच्या आसपास वजन आणि वेग २०० च्या वर. आज रॅलीत ट्रकला १४० ची मर्यादा आहे, ती का आहे हे त्या व्हिडिओतच दिसतं.

व्हिडिओतली प्यूजो ४०५ आरी व्हॅटानेनची. फॅक्टरीची गाडी, जगज्जेता ड्रायव्हर. त्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याने ट्रकमधून ओव्हरटेक केलं, म्हणून तो व्हिडिओ चाळीस वर्षं फिरतोय. त्याच रॅलीत पुढे बामाकोला व्हॅटानेनची कार चक्क चोरीला गेली, सापडली पण तोवर उशीर झाला म्हणून त्याला बाद केलं आणि युहा कांकुनेन जिंकला.

आता केस. केस व्हान लूव्हझाइन. त्या साली डाफचे दोन ट्विन होते, एक यानकडे आणि दुसरा टेओ व्हान द राइटकडे, तेच जे आदल्या साली यानसोबत जिंकले होते. केस टेओच्या ट्रकमध्ये नेव्हिगेटर, तिसरे ख्रिस रॉस म्हणून ब्रिटिश. नायजरच्या वाळवंटात प्रचंड वेगात असताना ट्रक उधळला आणि कोलांट्या खात गेला. केस सीटला बांधलेलेच होते, सीटसकट बाहेर फेकले गेले. जागच्या जागी गेले. यानने रॅली तिथेच सोडली, डाफने सगळा कार्यक्रम बंद केला, आणि १९८९ ला आयोजकांनी ट्रकची स्पर्धाच ठेवली नाही. तुमचे आजोबा डाफमध्ये होते म्हणालात. त्यांच्या कारखान्यातला तो ट्रक होता हो, त्यांच्यातल्या कुणाकुणाचे हात लागले असतील त्याला. गप्प होणारच.

मुलाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण माझं मत विचाराल तर खरं सांगा. नऊ वर्षांच्या पोराला कळतं.

चाकण_ट्रेलर

मी रॅलीतला नाही, धंद्यातला आहे. आमचे अकरा कार कॅरिअर आहेत, चाकणहून गाड्या भरतो, पार गुवाहाटीपर्यंत जातात. तुमचा पहिला प्रश्न वाचला “पैसा ओतला की जमतं का” आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय.

पैसा लागतो, त्याशिवाय ट्रक दारातून बाहेर पडत नाही, ते आहेच. पण ट्रान्सपोर्टवाला सकाळी उठल्यापासून काय करतो तर गाडी उभी राहू नये एवढंच बघतो. माझा बाप म्हणायचा चालती गाडी घर चालवते, उभी गाडी घर खाते. ट्रक कुठे तुटणार हे आम्हाला आवाजावरून कळतं. पाट्यांचा आवाज बदलला, हब गरम झाला, ड्रायव्हर फोनवर म्हणाला शेठ गाडी जरा ओढतेय डावीकडे, की मी खेड शिवापूरला गाडी थांबवायला लावतो, पुढे खंबाटकीत नको. ही सवय पैशाने मिळत नाही. दोन आठवडे वाळवंटात रोज शेकडो किलोमीटर आपटत जायचं आणि ट्रक उभा राहू द्यायचा नाही, हे काम मला तरी ओळखीचं वाटतं. फक्त इथे खंबाटकीला ढाबा आहे आणि तिथे काहीच नाही.

मी या खेरार्टचे व्हिडिओ बघितलेत, लेकाने लावून दिले होते. मला सगळ्यात आधी एक गोष्ट दिसली आणि ती ट्रकवाल्यालाच दिसेल. त्याचा ट्रक पुढे बॉनेट असलेला आहे. बाकी सगळे सपाट तोंडाचे, केबिन इंजिनवर बसलेली. आता सपाट तोंडाच्या गाडीत ड्रायव्हर कुठे बसतो तर बरोबर पुढच्या चाकाच्या डोक्यावर. चाक खड्ड्यात गेलं की पहिला फटका ड्रायव्हरच्या माकडहाडाला, मग गाडीला. मी स्वतः सोळा वर्षं घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक, चालवलाय, दोन मणके गेलेत, आज पण जास्त वेळ बसलो की डावा पाय बधिर होतो. बॉनेटवाल्या गाडीत सीट चाकाच्या मागे येते, सीसॉच्या टोकाला बसायच्या ऐवजी मधल्या बाजूला सरकल्यासारखं. फटका निम्म्याने तरी कमी बसत असणार. मी हे बरोबर बोलतोय का कुणी जाणकार सांगा.

गिअरबॉक्सवाली

चाकणवाले दादा शंभर टक्के बरोबर बोलताय, आणि टीमने तो ट्रक घेतला त्यामागे हे मोठं कारण होतं. तो इव्हेको पॉवरस्टार, त्याला रॅलीत सगळे टॉर्पेडो म्हणतात. ही बॉनेटवाली केबिन ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या इव्हेकोची, तिकडे लांब पल्ल्याचे ट्रक असे असतात. युरोपात ट्रकच्या एकूण लांबीवर मर्यादा म्हणून सगळे सपाट तोंडाचे, नाकात गेलेली लांबी म्हणजे मालातून गेलेली लांबी. रॅलीत माल भरायचाच नाही, मग नाक परवडतं. सीट मागे गेली की शरीराला बसणारा धक्का कमी, आणि धक्का कमी म्हणजे त्याच खडबडीत पट्ट्यावर ड्रायव्हर पाय न उचलता जाऊ शकतो. बऱ्याचदा ट्रक अजून जोरात जाऊ शकत असतो, माणूस जाऊ शकत नसतो.

मी डिझेल इंजिनच्या टेस्टिंगमध्ये काम करते म्हणून आतलं थोडं सांगते. आताच्या नियमात इंजिन १३ लिटरपर्यंतच, आणि त्यातून हे लोक हजार हॉर्सपॉवरच्या आसपास काढतात. रस्त्यावरच्या ट्रकमध्ये त्याच आकाराचं इंजिन साधारण पाचशेला चालतं. दुप्पट ताकद काढायची म्हणजे उष्णता किती वाढते बघा, आणि ती उष्णता फेकायची कुठे तर ४० डिग्रीच्या हवेत. शिवाय मऊ वाळूत ट्रक हळू जातो पण इंजिन पूर्ण जोर लावत असतं, म्हणजे समोरून वाऱ्याचा झोत नाही आणि आत भट्टी. म्हणून या ट्रकचे रेडिएटर बघाल तर मागे, केबिनच्या पाठीमागे उंचावर मोठ्ठे पंखे लावून बसवलेले असतात, तिथे वाळू आणि दगड कमी लागतात आणि जागाही मिळते.

पण मला खरं सांगायचंय ते तिसऱ्या माणसाबद्दल. डाकारच्या ट्रकमध्ये तिघं असतात. ड्रायव्हर, नेव्हिगेटर, आणि मेकॅनिक. नेव्हिगेटरकडे नकाशा नसतो, नुसत्या खुणा असतात, एवढे किलोमीटर गेल्यावर या दिशेला वळा, इथे खड्डा, इथे तीन उद्गारचिन्हं म्हणजे जिवाचा धोका. आधी कागदाची गुंडाळी असायची आणि आदल्या रात्री बसून रंगवायला मिळायची, आता टॅबलेटवर आणि तीही सकाळी निघायच्या तोंडावर. मेकॅनिक चालत्या गाडीत टायरची हवा बघतो, वाळूची टेकडी आली की आतूनच हवा कमी करायची म्हणजे टायर पसरतो आणि बुडत नाही, पलीकडे दगड आले की लगेच परत भरायची. तापमान, तेलाचं प्रेशर सगळं त्याच्याकडे. आणि काही मोडलं तर दार उघडून खाली तो.

खेरार्ट २०१२ ला जिंकला तेव्हा सोबत नेव्हिगेटर बेल्जियमचा टॉम कोल्सूल. २०१६ ला जिंकला तेव्हा नेव्हिगेटर बदललेला, स्पेनचा मोई टोरायार्दोना. मग २०२३ ला याच टीमच्या इव्हेकोवर यानुस व्हान कास्टरन जिंकला, तोही डच, तोही धंदेवाला, वापरलेल्या बांधकाम मशिनरीच्या व्यवसायातला, त्याचा नेव्हिगेटर मार्सेल स्नायडर्स. आता सांगा, तिन्ही वेळा ट्रकमध्ये कोण होतं? मेकॅनिक डारियुश रोडेवाल्ड. पोलंडचा माणूस. मालक दोनदा जिंकला आणि मालकाचा मेकॅनिक तीनदा. फोटोत तो नेहमी कडेला असतो, पण माझ्या टेबलासमोर फोटो त्याचा आहे.

ब्राबांटवासी

काय लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी, मी ऑफिसमधून परत येताना बसमध्ये दोनदा वाचलं. मुलाला मेकॅनिकची गोष्ट सांगितली, त्याला फार आवडली, आता म्हणतो मला तो तिसरा माणूस व्हायचंय. केसबद्दलही सांगितलं. जेवायच्या टेबलावर, दोघंच होतो. त्याने एकच विचारलं, त्यांना मुलं होती का. मला माहीत नाही म्हणालो.

एक सांगा, खेरार्टने जिंकलं त्याचं एवढं कौतुक का? दोनच वेळा ना?

पुणे_रॅली_८९

दोनच वेळा, पण कुणासमोर ते बघा. रशियाची कामाझ टीम, तिच्यामागे अख्खा ट्रकचा कारखाना, वर्षभर पगारावर चालवणारे ड्रायव्हर, चारचार ट्रक एकमेकांना सांभाळत जाणारे. २००९ ते २०२२ पर्यंत चौदा रॅली झाल्या, आधी दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदीत. त्यातल्या बारा कामाझने जिंकल्या आणि उरलेल्या दोन खेरार्टने. मधे दुसरं कुणीच नाही. चौदा वर्षांत एका कारखान्याला हरवणारा एकच माणूस आणि तो सोनचा ट्रान्सपोर्टवाला. २०१४ ला तिसरी पण हातात येत होती, कामाझच्या कार्गिनोव्हने तीन मिनिटांच्या आसपास फरकाने नेली. दोन आठवडे, हजारो किलोमीटर आणि शेवटी फरक तीन मिनिटांचा, एखादा टायर बदलायला जास्त लागतात.

आणि २०१२ ला तर पहिले दोघेही इव्हेको होते, खेरार्ट, मग हान्स स्टेसी, आणि तिसरा कझाकस्तानचा अर्दाविचुस, तो कामाझवर. स्टेसीसुद्धा डच, तो २००७ ला मान ट्रकवर जिंकलेला.

यान यांचंही सांगायचं राहिलं. १९८८ नंतर ते बरीच वर्षं लांब राहिले आणि मग २००० नंतर परत आले, साठीला टेकलेले, आणि सोबत मुलगा. एकाच रॅलीत बाप एका ट्रकमध्ये आणि लेक दुसऱ्या. मला हा त्या घराचा सगळ्यात मोठा पराक्रम वाटतो. ज्या रॅलीत आपला माणूस गमावला तिथे परत जाणं, आणि पोटच्या पोराला नेणं. नंतर खेरार्टने धंदा आणि टीम दोन्ही पुढे नेलं, आणि स्वतः चालवण्याबरोबर दुसऱ्यांनाही ट्रक तयार करून देऊ लागला. २०१६ ला तिसरा आलेला अर्जेंटिनाचा व्हियाग्रा यांच्याच तंबूतला.

मानदेशी_माती

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग नसावा.

सगळं वाचलं, ट्रकची माहिती खरंच छान आहे. पण वर कुणीतरी “सगळ्यात मोठा पराक्रम” लिहिलंय तिथे अडलो. केस व्हान लूव्हझाइन गेले ते स्वतःच्या इच्छेने गेलेले होते, धोका माहीत असून. १९८८ ला त्याच रॅलीत वाटेवरच्या गावातली माणसं पण मेली, एका लहान मुलीसकट. त्यांना कुणी विचारलं होतं? त्यांच्या घरासमोरून २०० च्या वेगाने दहा टनाचा ट्रक जाणार. आमच्या गावातून पालखी मार्गाचं काम चालू असताना डंपर जायचे, माझ्या चुलतभावाचा पाय गेलाय त्यात. त्यामुळे मला तो ओव्हरटेकचा व्हिडिओ बघून छाती फुगत नाही, पोटात गोळा येतो. या श्रीमंत लोकांनी आपापल्या देशात मैदान बांधून पळवावेत ना ट्रक.

चाकण_ट्रेलर

भाऊ, राग कसला. चुलतभावाचं वाचून वाईट वाटलं. माझ्या एका ड्रायव्हरकडून पण नऊ वर्षांपूर्वी माणूस गेलाय, चूक आमची नव्हती असं कागदावर आहे, पण मी त्यांच्या घरी गेलो होतो आणि ती ओसरी मला अजून दिसते. तुमचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नाही.

पुणे_रॅली_८९

तुमचा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळून लिहिलं, हे कबूल. त्या काळात रॅली गावांमधून जायची आणि तिथल्या माणसांची नावंसुद्धा धड छापून यायची नाहीत, ड्रायव्हर मेला तर पानभर आणि गावातलं पोर मेलं तर एक ओळ. आता वस्तीजवळ वेगावर मर्यादा आहे, ओलांडली की दंड, ट्रकला १४० चं कुलूप आहे, रस्ते बरेचसे निर्जन वाळवंटातून काढतात. तरी होतं. २०२३ ला अलेश लोप्राइस, चेक ड्रायव्हर, ट्रकमध्ये आघाडीवर होता. वाळूच्या टेकडीमागे उभा असलेला एक इटालियन प्रेक्षक त्याच्या ट्रकखाली आला, त्याला चालवताना कळलंसुद्धा नाही, नंतर आपल्याच कॅमेऱ्यातलं चित्रण बघितल्यावर कळलं. पहिल्या नंबरवर असताना त्याने रॅली सोडली. त्याच रॅलीत यानुस व्हान कास्टरन जिंकला, ज्याचं वर आलंय.

आणि एक जुळतं ते सांगतो. १९८८ ला यान आणि डाफ बाहेर पडल्यावर ट्रक गट कुणी जिंकला माहितीये? कारेल लोप्राइस, टाट्रा ट्रकवर. या अलेशचा काका. म्हणजे एका लोप्राइसला दे रोयच्या माघारीच्या साली जिंकायला मिळालं आणि पस्तीस वर्षांनी पुतण्याने माघार घेतली तेव्हा दे रोयच्या तंबूतला ट्रक जिंकला. या लोकांनाही ते ओझं असतं, एवढंच म्हणेन. पराक्रम हा शब्द मागे घेतो. धीर म्हणतो.

मानदेशी_माती

धीर चालेल. लोप्राइसचं माहीत नव्हतं. पहिल्या नंबरवरून उतरणं सोपं नाही. धन्यवाद.

गिअरबॉक्सवाली

ब्राबांटवासी, तुमच्या मुलासाठी अजून एक. ‘पैसेवाल्यांचा छंद’ हा प्रश्न तुमच्या मनात राहू नये म्हणून. नेदरलँड्समधून डाकारला जाणारे पुष्कळ जण व्यावसायिकच असतात, कारवाले एरिक व्हान लोन काय, बर्नहार्ड टेन ब्रिंक काय. व्हान लोन तर २०१५ ला कारमध्ये चौथे आले होते. काहीजण खरंच भाड्याने गाडी घेतात, दोन आठवडे चालवतात आणि घरी येतात, त्यातही वाईट काही नाही. पण दे रोयचा फरक असा की त्यांच्याकडे रॅलीचा ट्रक आणि धंद्याचा ट्रक बघणारे हात एकाच घरात वाढले. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर ट्रक आला की रात्रीतून अख्खा खोलून परत जोडतात, चाकं काढून, शॉकअप बदलून, पहाटे परत उभा. असं रात्रीचं काम चाकणवाल्या दादांनी कितीदा केलं असेल विचारा.

चाकण_ट्रेलर

ताई, मोजलं नाही. पण शिरूरजवळ एकदा पावसात, टॉर्च तोंडात धरून, क्लच प्लेट बदललीय. क्लीनर नवखा होता, तो रडायला लागला होता. सकाळी साडेसातला गाडी हलली, भरलेल्या गाड्या वेळेत उतरल्या.

आपल्याकडचं कुणी जातं का हो डाकारला?

पुणे_रॅली_८९

जातात की. बाइकवर सी. एस. संतोषने २०१५ ला रॅली पूर्ण केली, पूर्ण करणारा पहिला भारतीय. हरित नोआह केरळचा, २०२४ ला रॅली टू गटात पहिला. आणि आपल्या पुण्याचे संजय टकले २०२५ ला डाकार क्लासिकमध्ये टोयोटा लँड क्रूझर घेऊन उतरले. क्लासिक म्हणजे जुन्या काळच्या गाड्यांची, तिथे सगळ्यात जोरात जाण्यापेक्षा ठरलेला सरासरी वेग पाळायचा असतो, ऐकायला सोपं वाटतं पण वाळूत तेच जास्त अवघड. ट्रकमध्ये मात्र आपलं कुणी अजून तरी मी बघितलं नाही. टाटांनी २०१४ पासून काही वर्षं बुद्ध सर्किटवर प्रायमा ट्रकच्या रेस भरवल्या होत्या तेवढंच, आणि तिथे दुसऱ्या वर्षापासून... नाही, तारखा नीट आठवून मग लिहीन, पण आपले हायवेचे ट्रकड्रायव्हरही त्यात उतरवले होते, त्यांना शिकवून. ते बघायला मी ग्रेटर नोएडाला गेलो होतो आणि स्टँडमध्ये माझ्या बाजूला एका ड्रायव्हरची बायको आणि दोन मुलं बसलेली, ती नवऱ्याच्या ट्रकचा नंबर ओरडत होती. 

ब्राबांटवासी

काल एक गोष्ट झाली ती सांगतो. मुलगा स्वतःच कुंपणापाशी गेला आणि आजोबांना म्हणाला, मला केसचं माहितीये. डच त्याचं माझ्यापेक्षा चांगलं आहे. आजोबा थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि मग दोघं तासभर बोलत होते, मी मुद्दाम गेलो नाही. नंतर कळलं ते असेंब्लीला होते, रॅलीच्या ट्रकवर नाही, साध्या ट्रकवर, पण त्या जानेवारीत बातमी आली तेव्हा त्यांच्या शेडमध्ये दिवसभर कुणी रेडिओ लावला नव्हता. येत्या शनिवारी ते आम्हाला टोंगेलरेसेस्ट्राटवर डाफचं म्युझियम आहे तिथे घेऊन जाणार आहेत, व्हान डोर्ने बंधूंनी कारखाना सुरू केला त्याच जागी. मुलाने आत्तापासून वही तयार ठेवलीय. तुम्हाला कुणाला काही विचारायचं असेल, काही बघून यायला हवं असेल तर सांगा.

गिअरबॉक्सवाली

व्हॅरिओमॅटिकचा कापलेला नमुना असेल तर तो पट्टा कसा रुंद-अरुंद होतो ते मुलाला हाताने फिरवून बघू द्या, परवानगी असेल तर. आणि आजोबांना माझा नमस्कार सांगा.

चाकण_ट्रेलर

माझं एक काम करा. रॅलीचा कुठलाही ट्रक दिसला तर समोरून फोटो नको, तो सगळेच काढतात. बाजूने काढा, पूर्ण दार उघडं ठेवून, म्हणजे सीट पुढच्या एक्सलच्या किती मागे किंवा पुढे बसवलीय ते दिसेल. सीटखालचा शॉकअप दिसला तर तोही. माझ्याकडे एक ड्रायव्हर आहे, चाळिशीतलाच, त्याची कंबर धरायला लागलीय आणि त्याच्या सीटचं काहीतरी करायचंय मला या दिवाळीच्या आत.